कॅमेरा आणि जामीन

जामीन राहू नये, असे आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आल्या आहेत; आणि तिन्ही पिढ्या कोणा ना कोणाला जामीन राहिल्या आहेत. आजोबा एका बैलजोडीला राहिले, नाना एका पिठाच्या गिरणीला राहिले, आणि यंदा आषाढ सरता सरता माझ्यापुढे जो कागद आला, तो कॅमेऱ्याचा होता. बैल निदान दारात बांधलेला दिसतो, गिरणीचा आवाज तरी कानावर येतो. पण पाच लाख रुपयांचा कॅमेरा म्हणजे नेमके काय, हे मराठीच्या प्राध्यापकाला कळावे कसे? आणि कळल्याशिवाय सही करावी कशी?

एरवी या पानावर संपादक मला दीड स्तंभापलीकडे पाय पसरू देत नाहीत. दिवाळीत मात्र फराळासारखी जागाही सढळ असते. तेव्हा ही हकीकत मुळापासूनच सांगतो.

कागद घेऊन आला तो माझा भाचा, ताईचा धाकटा. जामनेरला आमच्याच महाविद्यालयात, माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर बसून तो बी.ए. झाला. मी पुढे ज्ञानेश्वरांच्या उपमा समजावून सांगत असताना हा खिडकीतून येणारा उजेड पुढच्या बाकावरच्या मुलांच्या चेहऱ्यांवर कसा पडतो ते पाहत असे. ही कबुली त्याने पास झाल्यावर दिली. पुढे चार वर्षे जळगावला एका फोटोग्राफरच्या हाताखाली राहिला. आधी पिशव्या उचलल्या, मग दिवे धरले, मग लग्नात दुसरा कॅमेरा चालवू लागला. आता त्याला स्वतःचा धंदा मांडायचा होता.

"मामा, दोन रस्ते आहेत," तो म्हणाला, आणि वहीचे पान माझ्यापुढे सरकवले.

एका बाजूला लिहिले होते 'कॅनन आर ५०'. शिकाऊ माणसाचा कॅमेरा. सोबतच्या लेन्ससकट साठ-सत्तर हजारांच्या घरातला. दुसऱ्या बाजूला 'नायकॉन झेड ८'. व्यावसायिकांचा. त्याचा नुसता देहच तीन लाखांच्या पुढे. त्याला साजेशी लेन्स, कार्डे, जादा बॅटऱ्या धरून साडेपाच लाखांचा आकडा त्याने खाली दोन रेघा मारून लिहिला होता. पन्नास हजार ताई देणार, पाच लाख पतसंस्था देणार, आणि माझी सही.

"दोन्ही कॅमेरे २०२३ सालचे, दोन्ही मिररलेस," त्याने पुस्ती जोडली.

मिररलेस या शब्दापाशी मी अडलो. आमचा धंदाच शब्दांवर अडण्याचा आहे. 'निर्दर्पण' असा प्रतिशब्द मी तत्काळ सुचवला. भाच्याने तो मान खाली घालून ऐकून घेतला. चार वर्षे लग्नात काम केल्याने त्याला वडीलधाऱ्यांचे काहीही ऐकून घेण्याची सवय झाली आहे. मग त्याने समजावले, ते असे. जुन्या चांगल्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असे. समोरचे दृश्य तो आरसा वर उडवी आणि आपल्याला डोळ्याच्या खिडकीत ते दिसे. बटण दाबले की आरसा टपकन वर उचलला जाई आणि उजेड मागे फिल्मवर पडे. फोटो काढताना होणारा तो भारदस्त आवाज बराचसा या आरशाचा. आता आरसाच काढून टाकला. उजेड सरळ सेन्सरवर पडतो आणि डोळ्यापुढे छोटासा पडदा असतो. असला पहिला कॅमेरा २००८ साली पॅनासॉनिकने आणला. कॅनन आणि नायकॉन ही बडी घराणी आपले मोठ्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे घेऊन २०१८ साली मैदानात उतरली.

"म्हणजे एवढे पैसे आरसा नसल्याचे?" मी विचारले.

"मामा, सही करायची नसेल तर तसं सांगा."

मी सही करणार नव्हतोच. पण नकार कारणासह द्यावा, एवढी शिस्त अध्यापनाने लावली आहे. मी कागद-पेन्सिल घेतली. दरसाल १२ टक्क्यांनी पाच लाख, मुदत तीन वर्षे. महिन्याचा हप्ता निघाला १६,६०७ रुपये. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढ लागेपर्यंत चालते. पुढे चार महिने देव झोपलेले, वाजंत्री झोपलेली, फोटोग्राफरही झोपलेले. "हप्ता चातुर्मास पाळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला इतके आवडले की ते मी सौ.ला ऐकू जाईल अशा बेताने पुन्हा म्हटले.

भाच्याने उत्तरादाखल दादासाहेब फाळके काढले. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. तिथून विल्यमसनचा कॅमेरा आणला. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. म्हणून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. त्यांचा मामा माझ्यासारखा असता तर हिंदुस्थानात चित्रपट कधी झाला असता कोण जाणे, असे त्याने बोलून दाखवले नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते होते.

विद्यार्थी अर्धेच वाचतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. मी म्हणालो, "अरे, तो कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी एकदम हरिश्चंद्र नाही केला. कुंडीत वाटाणा पेरला. रोप वाढताना रोज थोडं थोडं टिपत एक चिमुकला चित्रपट केला. तो दाखवला, तेव्हा भांडवल उभं राहिलं. तुझा वाटाणा कुठे आहे?"

तो गप्प झाला. आणि का कोण जाणे, आपण जिंकलो याचा आनंद मला झाला नाही.

त्याचे कारण सांगतो. पाचोरा-जामनेर ही आमची लहान रुळांची गाडी. अडीच फूट रुंदीचे रूळ, छप्पन्न किलोमीटरचा रस्ता, आणि सगळ्यांच्या तोंडी तिचे नाव पीजे. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी थांबत थांबत ती यायची. नाना शेंदुर्णीला शाळेत मास्तर होते. उभी नोकरी त्यांनी या गाडीवर केली. गाडीने त्यांना उशीर केला असेल, पण कधी टाकून गेली नाही. पळत येणारा मास्तर ओळखीचा असला तर ती क्षणभर दम धरते, अशी त्यांची श्रद्धा होती. नाना निवृत्त झाल्यावर माझ्या मनात आले, की त्यांना या गाडीत, त्यांच्या नेहमीच्या खिडकीशी बसवून एक चांगला फोटो काढावा. चांगला म्हणजे चांगल्या कॅमेऱ्याने. मोबाईलने काढायचा नाही. तो काय, कुणीही काढतो. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी यायची होती, ती आली की कॅमेरा घ्यायचा आणि मग फोटो, असे मी ठरवले. कॅमेऱ्यांची माहितीही जमवू लागलो. हा घ्यावा तर त्याच्यात ते नाही, तो घ्यावा तर दसऱ्याला त्याचा धाकटा भाऊ येणार. असे वर्ष गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि गाडी उभी राहिली. ती पुन्हा धावली नाही. लहान रुळांच्या जागी मोठे रूळ टाकायचे ठरले. थकबाकी नंतर आली. तिच्यातून आम्ही गच्चीची गळती काढली.

नाना आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत, आणि गाडीत बसलेले नाना आमच्या घरात कुठेच नाहीत.

तेव्हा भाच्याला 'थांब' म्हणताना माझा आवाज थोडा उतरला, यात नवल नाही. अखेर मध्यममार्ग निघाला. चातुर्मासात जळगावला कॅमेरे भाड्याने निम्म्या दरात मिळतात, कारण त्यांना काम नसते. दोन्ही कॅमेरे शनिवार ते सोमवार भाड्याने आणायचे आणि परीक्षा घ्यायची. परीक्षा म्हटल्यावर मला हुरूप आला. पेपर मी काढला, शनिवारी अजिंठा आणि रविवारी ताईच्या घरची कानबाई. ताईचे सासर पहूरजवळ. दोन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर. आणि अजिंठ्याच्या लेण्यांना सोमवारी सुट्टी असते, तेव्हा शनिवारच बरा.

अजिंठा आम्हांला इतका जवळ, की तिथे पाहुणे आले तरच जाणे होते. पण कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून कडक परीक्षक सबंध खान्देशाच्या आसपास नाही. आत अंधार, फ्लॅश मारायला मनाई, कारण रंगांना उजेड सोसत नाही. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला आणि पुढे वर्षानुवर्षे तो इथेच राहिला. त्याच्याजवळ कॅमेराही होता. लेण्यांचे जोडफोटो काढून त्याने १८६४ साली पुस्तकात छापवले. पण रंग पकडणारा कॅमेरा तेव्हा जगात कुठेच नसल्यामुळे चित्रांसाठी त्याला कुंचलाच चालवावा लागला. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ साली वारला; त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. पुढे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न लावता, गुहेतल्या मंद उजेडातच ही चित्रे फिल्मवर घेतली, आणि त्यांचे रंग जगाने नव्याने पाहिले. हे सगळे मी पायऱ्या चढताना भाच्याला सांगितले. तो बॅग सांभाळत 'हो मामा' म्हणत होता.

पहिल्या लेण्यात, मागच्या भिंतीशी, डाव्या हाताला पद्मपाणी. आधी लहान कॅमेरा, त्याच्याबरोबर येणाऱ्या लेन्ससकट. फोटो निघाला तो असा, की बोधिसत्त्वाच्या अंगावर बारीक रवा पेरल्यासारखा दिसावा. दुसरा घेतला तर हलला. मग मोठा कॅमेरा. पडद्यावर चित्र उमटले आणि आम्ही दोघेही बोलायचे थांबलो. मुकुटाची नक्षी, ओठांची कड, खाली झुकलेल्या पापणीची रेघ. डोळ्यांना त्या अंधारात जे दिसत नव्हते, ते कॅमेऱ्याला दिसत होते. माझा हात नकळत खिशातल्या पेनाकडे गेला.

"थांबा मामा," भाचाच म्हणाला. त्याने बॅगेतून पेढ्याच्या डबीएवढी एक लेन्स काढली. पन्नास मिलिमीटरची, एफ १.८. जळगावच्या मित्राकडून मागून आणलेली. नवी घेतली तर पंधरा-वीस हजारांची. ती त्याने लहान कॅमेऱ्याला लावली आणि दोन पावले मागे सरकून फोटो घेतला. आता रवा नव्हता. दोन्ही पडदे शेजारी धरून पाहिले. मोठ्याचा फोटो अधिक भरीव होता, मोठा करत गेले तर अधिक तपशील देत होता. पण लहानाचा पाहून कोणी नाक मुरडले नसते.

याचे गणित त्याने मला बाहेर ओसरीत बसून सांगितले, आणि ते मला पटले म्हणून इथे देतो. मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. लहानाचा सुमारे २२ बाय १५. म्हणजे मोठ्याला उजेड झेलायला अडीचपटीहून थोडी अधिक जागा. पावसात परात ठेवली तर ताटलीपेक्षा जास्त पाणी साचायचेच. पण लेन्सचे तोंड हा निराळा हिशेब आहे. लहान कॅमेऱ्याबरोबर मिळणारी लेन्स लांबचे जवळ आणायला गेली की तिचे तोंड एफ ६.३ एवढेच उघडते, एफ १.८ ची लेन्स त्याच्या बारा पट उजेड आत घेते. मोठ्या कॅमेऱ्याची दोन लाखांची लेन्स एफ २.८ ची होती. म्हणजे ताटली लहान, पण पन्हळ मोठी. आणि दोन्हींची गोळाबेरीज जवळजवळ सारखी.

"मग उरलेले पैसे कशाचे?" मी विचारले.

"सोयीचे," तो म्हणाला. मोठी लेन्स जागेवर उभे राहून पुढे-मागे करता येते. या डबीला स्वतःच्या पायांनी पुढे-मागे व्हावे लागते, आणि मंडपात मागे सरकायला जागा नसते. मोठ्या कॅमेऱ्यात सेन्सर स्वतः हलून हाताचा कंप सावरतो. लहानात ती व्यवस्था नाही. मोठ्यात पंचेचाळीसहून अधिक मेगापिक्सेल, लहानात चोवीस. पण अल्बमच्या पानाला चोवीसही पुष्कळ होतात, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. विक्रेता असता तर सांगितले नसते.

येताना माझ्या लक्षात आले, की माझ्या प्रश्नपत्रिकेत एक ढोबळ चूक होती. पद्मपाणी दीड हजार वर्षे हललेला नाही. लग्नातला माणूस एवढा वेळ देत नाही.

ती उणीव कानबाईने भरून काढली. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर ही देवी बसते. नारळाला मुखवटा आणि दागिने घालून देवी सजवतात, भाऊबंद जमतात, रोटांचा स्वयंपाक होतो, रात्रभर जागरण, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. रात्री बायका फुगड्या घालतात, त्या वेळी अंगणात एक दिवा असतो आणि शंभर हालचाली असतात. तिथे मोठा कॅमेरा जिंकला. अगदी निर्विवाद जिंकला. फुगडीत गरगरणाऱ्या दोघींपैकी जिचे तोंड आपल्याकडे येईल तिचा डोळा तो पकडायचा आणि सोडायचा नाही. लहान कॅमेराही डोळा शोधतो, पण अंधारात शोधता शोधता फुगडी सुटायची.

सोमवारी सकाळी उजेड होता. भाच्याने लहान कॅमेरा घेतला आणि पावणेदोन किलोचा मोठा माझ्या गळ्यात अडकवला, हमालासारखा. मिरवणूक निघाली. भाचा पुढे पुढे पळत, वाकत, उलटा चालत फोटो काढत होता. तेवढ्यात ताईच्या एका चुलतसासूने त्याला दंडाला धरून बाजूला केले. "सरक रे पोरा, फोटोवाल्याला येऊ दे," असे म्हणून ती माझ्यासमोर पदर सावरून उभी राहिली. तिच्यामागून आणखी चौघी. मग दाजींचे थोरले भाऊ, फेटा नीट करून. मला बटण कोणते तेही ठाऊक नव्हते. मी डोळा मिटून 'झाला' म्हणत राहिलो. त्या गावात आजही मी काढलेल्या फोटोंची वाट पाहिली जात आहे.

मला हसू आले, पण भाच्याला नाही. "मामा, हेच मी सांगत होतो. लोक आधी कॅमेरा बघतात, फोटो नंतर. लहान कॅमेरा घेऊन लग्नघरी गेलो तर नवरीचा भाऊ म्हणतो, यापेक्षा माझा मोबाईल चांगला आहे. आणि सुपारी देताना पैसे पाडतो ते वेगळंच."

हे मी माझ्या हिशेबात धरलेच नव्हते. आम्ही प्राध्यापक मंडळी गुणवत्तेची भाषा बोलतो खरी. पण मुलाखतीला जाताना मी उसना कोट घालून गेलो होतो, हे मला त्या मिरवणुकीत आठवले.

जामनेरला परतल्यावर त्याने निवडक बारा फोटो छापून आणले आणि कोणता कशाने काढला हे न सांगता आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडले. परीक्षक सौ. तिला कॅमेऱ्यातले काही कळत नाही, हीच तिची पात्रता. तिने सगळ्यांत आधी उचलला तो ताईचा फोटो. पहाटे चुलीपुढे रोट भाजताना, धुराने डोळे बारीक झालेले, एक हात पिठाचा, दुसऱ्याने कपाळावरची बट मागे सारलेली. तो लहान कॅमेऱ्याचा होता, पेढ्याच्या डबीचा. मग फुगडीचे दोन, ते मोठ्याचे. बाकीचे तिने 'हेही छान आहेत' म्हणून गोळा करून ठेवले, ज्याचा अर्थ संसारी माणसांना ठाऊक आहे.

मी निकाल देण्याच्या बेतात होतो. लहान घे, डबी घे, अंधाराचे पुढे पाहू. एवढ्यात सौ.ने विचारले, "यातला फोटो पुसला गेला तर?"

भाचा म्हणाला, "मामी, लहान्यात एकच कार्ड बसतं. मोठ्यात दोन. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकदमच उतरतो. एक बिघडलं तरी दुसरं असतं."

सौ. काही बोलली नाही. तिने टेबलावरचे फोटो सारखे केले आणि आत गेली. भाच्याला कळले नाही, मला कळले.

आमचे लग्न २००६ सालचे. फिल्म जाऊन नुकताच डिजिटल कॅमेरा आला होता, आणि आम्ही हौसेने तसाच फोटोग्राफर बोलावला. हळदीच्या रात्री माझे सासरे नाचले. अतिशय अबोल गृहस्थ; गावात त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. त्या रात्री कोणीतरी त्यांचा हात धरून ओढले, आणि ते टोपी हातात घेऊन, लाजत, पण थांबल्याशिवाय नाचले. हळदीचे सगळे फोटो एका कार्डावर होते. ते कार्ड पुन्हा उघडले नाही. फोटोग्राफरने पैसे परत केले. तो बिचारा आणखी काय करणार? सासरे पुढच्याच वर्षी गेले. सौ.जवळ त्यांचा एक फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला.

आता माझ्यापुढे पेच होता तो कॅमेऱ्याचा राहिला नव्हता. थांबलो म्हणून माझी गाडी गेली होती, आणि एका कार्डावर विसंबलो म्हणून तिचे वडील गेले होते. मी लहान घे म्हणावे तर ते कुणाच्या तरी हळदीच्या भरवशावर, मोठा घे म्हणावे तर ताईच्या पोतीच्या. कारण हप्ते थकले तर जामीनदार आधी येईल की पोत, हे आमच्या घरात बोलण्याची गरज नव्हती. दाजींचा कापूस यंदा कसा आहे, हे मी मिरवणुकीत चालताना बांधावरून पाहिले होते.

त्या रात्री आम्ही तिघे बारा वाजेपर्यंत बसलो. भाच्याने गेल्या सराईची वही काढली. त्याला स्वतंत्रपणे मिळतील अशी लग्ने पहिल्या वर्षी फार तर वीस-पंचवीस. बाकी दिवस दुसऱ्याच्या हाताखाली. तिथे मुख्य कॅमेरा दुसऱ्याचा असतो आणि याचा लहान चालतो. बारशी, साखरपुडे, डोहाळजेवणे, शाळांची गॅदरिंगे यांना लहान पुरतो. मोठा कॅमेरा लेन्ससकट सराईत दिवसाला दोन-अडीच हजार भाड्याने मिळतो. पंचवीस लग्नांचे साठ-बासष्ट हजार. हप्त्यांचे वर्षाचे दोन लाख. हे भागाकार-गुणाकार मला आषाढातच सुचायला हवे होते, पण तेव्हा मी फाळक्यांच्या वाटाण्यात गुंतलो होतो.

"पण मुहूर्त सगळ्यांचा एकच असतो," सौ. म्हणाली. "त्या दिवशी भाड्याचा कॅमेरा तुझ्यासाठी थांबेल का?"

हा प्रश्न मात्र पंचांगाचा होता. भाच्याने मोबाईलमध्ये मार्गशीर्षातल्या तारखा काढल्या, मंडप आणि आचारी यांच्यासारखीच कॅमेऱ्याची आगाऊ सुपारी द्यायची असे ठरले, आणि ज्या तारखेला मोठा मिळणार नाही त्या तारखेचे लग्न घ्यायचे नाही, असे सौ.ने ठरवले. दोन कार्डांशिवाय कुणाची हळद घ्यायची नाही. हे तिने असे सांगितले, की पतसंस्थेची कुठलीही अट त्यापुढे सौम्य वाटावी. मोठ्याची फुगडी त्याच्या डोळ्यांपुढून गेली नव्हती, हे मला दिसत होते. दोन सराया बऱ्या गेल्या तर जुना, पण दोन कार्डांचा, मधल्या प्रतीचा एखादा घेईन, असे तो स्वतःशी म्हणाल्यासारखे म्हणाला. तेव्हा सही करीन, असे मीही स्वतःशी म्हणाल्यासारखे म्हणालो.

दसऱ्याला लहान कॅमेरा आला. ताईचे पन्नास हजार, थोडे त्याचे, आणि डबी माझ्याकडून. ती भेट नव्हे. पहिल्या लग्नानंतर परत करायची, असे बजावून दिली आहे. पतसंस्थेचा कागद कपाटात आहे, कोरा.

कॅमेरा आला त्याच संध्याकाळी भाचा नानांना म्हणाला, "चला, स्टेशनाकडे जाऊ."

पूर्वी गाडी जिथे थांबायची त्या बाजूला आम्ही गेलो. नानांनी धुतलेले धोतर नेसले होते आणि काखेत छत्री घेतली होती, पाऊस नसताना. शेंदुर्णीला जाताना ती असायचीच. त्यांच्याजवळ एके काळी आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलात बारा फोटो. ऊन आहे की ढग, एवढीच निवड. एक रोल ते आखाजीला घालत आणि दिवाळीपर्यंत पुरवत. भाच्याने पंधरा मिनिटांत दोनशे फोटो घेतले, तेव्हा नाना वैतागले.

"एवढे कशाला? एक नीट काढ."

"काढतो नाना. तुम्ही फक्त तिकडे बघा."

"तिकडे काय आहे?"

"पाचोऱ्याची बाजू."

नाना वळले. छत्रीवर दोन्ही हात ठेवून ते पाहू लागले, आणि मग आम्ही तिथे आहोत हे बहुधा विसरले. उजेड जात होता. भाचा दोन पावले मागे सरकला.

घरी आल्यावर सौ. दारातच होती. फोटो पाहण्याआधी तिने विचारले, "उतरवलेस?"

भाच्याने दोनशेच्या दोनशे माझ्या संगणकावर घेतले. मग खिशातून पेनड्राइव्ह काढून त्यावर घेतले. सौ. खुर्चीमागे उभी राहून पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत भरताना पाहत होती. ती भरल्यावर म्हणाली, "आता दाखव."